शेरा : चांगले

गोळ्यांच्या कारखान्यातल्या बायका त्यांना पाठीमागे ‘समाधानकारक’ म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की पॅकिंगच्या टेबलाशी कुणीतरी कुजबुजे, “आले गं समाधानकारक,” आणि सगळ्या टोप्या खाली वळत. दुसऱ्या कुणाला राग आला असता. आस्थापना विभागाच्या या हेडक्लार्कांना मात्र आतून गुदगुल्या होत. समाधान करतो तो समाधानकारक; एखाद्या माणसाबद्दल याहून मोठं काय बोलायचं असतं? बायकांच्या मनात वेगळं होतं, पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायला गेलेल्याला आधी शब्दाची फोड ऐकून घ्यावी लागे, आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपे.

नोकरी सोडून जाणाऱ्याला दाखला देणं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं ते हेच करत होते. छापील कागदावर वर नाव, हुद्दा आणि तारखा. खाली तीन रिकाम्या ओळी : काम, वर्तन, शेरा. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत या तीन ओळी चहा निवायच्या आत भरून होतात. हेडक्लार्क माणसाची पूर्ण फाईल वाचत. रजेचे अर्ज, मेमो, फोरमनने पेन्सिलीने केलेल्या खुणा, सगळं. मग दोन दिवस विचार करत. मग एक शब्द लिहीत.

त्यांच्याकडे चार पायऱ्या होत्या. ‘साधारण’, ‘बरे’, ‘समाधानकारक’ आणि ‘चांगले’. बहुतेकांचा प्रवास तिसऱ्या पायरीवर संपे. ‘उत्तम’ त्यांनी आयुष्यात एकदाच लिहिलं होतं, बॉयलरवरच्या एका माणसासाठी. त्याने वाफेची झडप हाताने दाबून धरली आणि आतल्या चौदा जणांना बाहेर पडायला वेळ दिला. तो दाखला न्यायला त्याची बायको आली होती. ‘उत्कृष्ट’ मात्र त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. उत्कृष्ट म्हणजे बाकी सगळ्यांतून ओढून वर काढलेला. असा माणूस कारखान्यात एकच असू शकतो, आणि तो कोण हे ठरवायला एकतीस वर्षं त्यांना थोडी अपुरी वाटत होती.

ते रुजू झाले तेव्हा या शिडीत काही वावगं नव्हतं. ‘समाधानकारक’ घेऊन गेलेल्या माणसाला दुसरीकडे खुर्ची मिळे. मग कुठल्याशा कारखान्याने आपल्या माणसांना सरसकट ‘चांगले’ द्यायला सुरुवात केली. शेजारच्याने ‘उत्तम’ दिलं. त्याच्या शेजारच्याने ‘अतिउत्तम’. शब्दांचं नाण्यांसारखं नसतं, की झिजलेलं बघताक्षणी कळावं; शब्द दिसायला कोराच राहतो आणि आतून पोकळ होतो. पंधरा वर्षांत ‘समाधानकारक’चा अर्थ ‘वेळेवर येतो, बाकी विचारू नका’ इथवर आला, आणि ‘चांगले’चा अर्थ झाला, ‘आम्हाला हा नको होता, जाताना भांडण नको म्हणून एवढं लिहिलंय.’

हे हेडक्लार्कांना कळलं नव्हतं असं नाही. एक फिटर दाखल्याची आठ घड्या घातलेली चिठोरी घेऊन दोन वर्षांनी परत आला होता. “साहेब, हे दाखवलं की लोक पाणीसुद्धा विचारत नाहीत,” तो म्हणाला. हेडक्लार्कांनी त्याला पाणी दिलं. दाखला बदलला नाही.

“शब्द आपल्या जागी आहे,” ते त्याला म्हणाले, “लोक सरकलेत.”

फिटर पाणी पिऊन गेला. पुढे तो कुठल्याशा गोदामात राखणदार झाल्याचं कुणीतरी सांगितलं. “बघा, मिळाली ना नोकरी,” असं हेडक्लार्क म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

घरीही वेगळं काही नव्हतं. नात शाळेतून येऊन म्हणायची, “आजोबा, बाईंचा आवाज भयंकर गोड आहे.” आजोबा पेपर खाली करून विचारत, “भय वाटलं?” नात म्हणे, “नाही.” “मग भयंकर कसा?” नात थोडा विचार करून म्हणायची, “जाऊ दे, नाहीच आहे गोड,” आणि खेळायला पळायची. वर्तमानपत्रात ‘दुःखद निधन’ वाचलं की ते मोठ्याने विचारत, “सुखद कुणाचं झालं?” बायको भाजी निवडता निवडता म्हणे, “वाट बघा.”

घरात चार मोठी माणसं आणि एक नात. मुलगा विजेची कामं करायचा. तीन वर्षांपूर्वी खांबावरून पडला आणि त्याच्या कंबरेने कामाशी संबंध तोडला. आता तो घरी बसून लोकांचे पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करी, तेही लोकांना आठवण झाली तर. घर चालत होतं ते सुनेवर. ती हेडक्लार्कांच्याच कारखान्यात, पॅकिंगच्या तिसऱ्या लाईनवर सुपरवायझर होती. सासऱ्यांच्या ओळखीने लागलेली नव्हती. ती लागली तेव्हा सासरे रजेवर होते, आणि परत आल्यावर त्यांनी तिची निवड नियमाने झाली आहे की नाही हे दोनदा तपासलं होतं.

तिचं काम बघायला इतर लाईनवरच्या बायका थांबत. गोळ्यांच्या पट्ट्या मशीनमधून धाडधाड बाहेर पडत असताना ती पाठमोरी उभी राहूनही सांगे, “मधला खण रिकामा गेला,” आणि तो गेलेला असे. आवाजावरून कळतं, म्हणायची. एकदा लेबलांच्या दोन गठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. हृदयाच्या गोळ्यांवर पोटाच्या गोळ्यांचं नाव चढत होतं. मॅनेजर वरून ओरडत होता, ट्रक दारात उभा होता, आणि तिने लाल बटण दाबून लाईन थांबवली. “आधी बघा, मग ओरडा,” म्हणाली. त्यांनी बघितलं, आणि नंतर कुणी ओरडलं नाही. तिच्या फाईलमध्ये त्या दिवशीची नोंद हेडक्लार्कांनी स्वतःच्या हाताने केली होती : ‘दक्ष.’ त्यांच्या मते ही नोंद जवळजवळ भावनेच्या भरात झालेली होती.

मग कारखाना विकला गेला. घेणाऱ्याला कारखाना नको होता, जमीन हवी होती. पाच महिन्यांत सगळे बाहेर. पण नशीब म्हणा, नदीपलीकडे गोळ्यांचाच एक मोठा, नवा, काचेचा कारखाना उभा राहत होता, आणि त्याला शिकलेले हात हवे होते. अट एकच : जुन्या जागेचा दाखला.

दाखले अडीचशे लिहायचे होते, म्हणून हेडक्लार्कांच्या मदतीला कार्मिक विभागातला नवा अधिकारी दिला. त्याने दुसऱ्याच दिवशी एक रबरी शिक्का करून आणला : ‘अत्यंत उत्कृष्ट’. जांभळ्या शाईत. सकाळी चाळीस दाखले उडवून तो दुपारी मोकळा बसे.

“हे काय चालवलंय?” हेडक्लार्कांनी विचारलं.

“साहेब, बुडत्या जहाजावर कुणाची इस्त्री बघायची?” तो म्हणाला. “सगळ्यांना तरायचंय.”

“सगळे अत्यंत उत्कृष्ट असतील तर ते कुणापेक्षा उत्कृष्ट?”

“शेजारच्या कारखान्यापेक्षा,” अधिकारी म्हणाला आणि शिक्का शाईत दाबला.

सुनेची फाईल त्याच्या गठ्ठ्यात गेली होती. सकाळी घरून निघताना ती सासऱ्यांना म्हणालीही, “बाबा, माझा दाखला त्या नव्या साहेबांनाच लिहू दे.”

“का? माझं अक्षर वाईट आहे?”

“अक्षर नाही, बाबा. शब्द.”

सासूबाई आतून हसल्या. हेडक्लार्क हसले नाहीत. कचेरीत पोचल्यावर त्यांनी अधिकाऱ्याच्या टेबलावरून ती फाईल स्वतः उचलून आणली.

“अहो साहेब, घरचं माणूस आहे, मी लिहितो ना,” अधिकारी म्हणाला. “उगाच कुणी म्हणायचं, सासऱ्यांनी नात्याचा फायदा करून दिला.”

“असं कुणी म्हणणार नाही,” हेडक्लार्क म्हणाले, “याची काळजी मी घेईन.”

आणि त्यांनी ती घेतली. नेहमीचे दोन दिवस सोडून चार दिवस विचार केला. फाईल दोनदा वाचली. पाचव्या दिवशी संध्याकाळी येताना फळं घेऊन आले, हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं, कारण फळं ते आजारपणाशिवाय आणत नसत. जेवायला बसण्याआधी त्यांनी खिशातून पाकीट काढून सुनेपुढे ठेवलं.

“वाच.”

तिने हात पुसून कागद उघडला. काम : चांगले. वर्तन : चांगले. शेरा : चांगले.

“तिन्ही ओळींत,” ते म्हणाले. “तिन्ही ओळींत मी आजवर कुणालाही दिलेलं नाही. गेल्या अकरा वर्षांत तर एका ओळीतसुद्धा नाही.”

मुलाने कागद घेतला, वाचला आणि उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

“बाबा,” सून म्हणाली, “आमच्या लाईनवरच्या डुलकीला काय मिळालंय माहितीये? मशीनला डोकं टेकून झोपते ती. एकदा केस पट्ट्यात अडकले तेव्हा जागी झाली. तिला ‘अत्यंत उत्कृष्ट’ मिळालंय.”

“म्हणूनच! तिच्या दाखल्याला काडीची किंमत नाही.”

“किंमत नाही. नोकरी आहे.”

“अहो,” सासूबाई म्हणाल्या, “सून आहे ती तुमची. दोन अक्षरं वाढवून लिहिली तर शाई संपते का?”

“शाई संपत नाही. अर्थ संपतो.”

“बरं झालं शिल्लक ठेवलात. पुढच्या महिन्यापासून तोच वाढेन ताटात.”

सून मात्र चिडली नाही. ती सासऱ्यांसमोर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “बाबा, दाखला बाजूला ठेवा. माझ्या कामाबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

“तुझ्यासारखं कामाचं माणूस,” हेडक्लार्क म्हणाले, “मी एकतीस वर्षांत पाहिलेलं नाही.” हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं पाणी होतं.

“मग हेच लिहा ना. जसंच्या तसं.”

त्यांनी खरोखर विचार केला. तिची विनंती ते कधी हसण्यावारी नेत नसत.

“ते माझं मत झालं,” ते म्हणाले. “दाखल्यात मत लिहीत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी ती नव्या अधिकाऱ्याकडे गेली. “ताई, आत्ता मारतो शिक्का,” म्हणत त्याने डबी उघडलीदेखील. पण कोऱ्या दाखल्यांना क्रमांक होते, आणि ते ज्या कपाटात होते त्याची किल्ली हेडक्लार्कांच्या कमरेला होती. “एका माणसाला दोन दाखले?” ते म्हणाले. “मग दोन्हीपैकी खरं माणूस कुठलं?” अधिकाऱ्याने सुनेकडे पाहून खांदे उडवले. त्यांच्याशी भांडून चालणार नव्हतं; त्यालाही पुढे कुठेतरी दाखला लागणारच होता.

तिने अर्ज केला. दुसरा इलाज नव्हता.

तीन आठवड्यांनी, कचेरीतल्या फायली सुतळीने बांधायचं काम चालू असताना, दुपारी फोन वाजला. नदीपलीकडच्या कारखान्यातून एक बाई बोलत होत्या. माणसं निवडण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आवाज गोड, घाई नसलेला.

“तुमच्याकडून अडीचशे अर्ज आलेत. तुमच्या हातच्या काही दाखल्यांवर ‘समाधानकारक’ आहे, ते बाजूलाच ठेवले. हा एकच ‘चांगले’वाला आहे. याचा अर्थ नेमका काय धरायचा?”

कित्येक वर्षांत हेडक्लार्कांना कुणी इतका सुंदर प्रश्न विचारला नव्हता. ते खुर्चीत ताठ बसले.

“चांगले म्हणजे चांगले.”

“म्हणजे उत्कृष्ट नाही?”

“नाही.”

“उत्तम?”

“उत्तम असतं तर तसं लिहिलं असतं.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “काही अडचण होती का त्यांच्या बाबतीत? मोकळेपणाने सांगा, आपल्यातच राहील.”

“अडचण असती तर तीही लिहिली असती.”

“आडनाव तुमचंच दिसतंय. कुणी नात्यातल्या?”

“सून आहे माझी.”

“सून?” बाई हळूच म्हणाल्या. “आणि तरी ‘चांगले’च?”

“सून आहे म्हणून काडीचंही वाढवलेलं नाही,” हेडक्लार्क अभिमानाने म्हणाले.

“समजलं,” बाई म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी चुकून कानावर पडल्यावर माणूस बोलतो, तसा त्यांचा आवाज झाला होता. “सांगितलंत ते फार बरं केलंत. घरच्या माणसाबद्दल इतकं स्पष्ट कोण बोलतं?”

हेडक्लार्कांनी फोन ठेवला आणि समोरच्या शिपायाला सांगितलं की भाषेची चाड असलेली माणसं अजून आहेत.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आत बातमी दिली. “तुझ्या अर्जाबद्दल फोन आला होता. मी सगळं नीट समजावून सांगितलं.”

सून भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती. तिचा हात तसाच राहिला. “काय सांगितलंत?”

हेडक्लार्कांची स्मरणशक्ती चांगली होती. त्यांनी दोन्ही बाजूंचं बोलणं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. ‘उत्तम असतं तर तसं लिहिलं असतं’ हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडलं होतं की ते दोनदा म्हणून झालं. मुलगा कॉटवरून उठला, कंबर धरून दारापर्यंत गेला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. सुनेने झाकण ठेवलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, “जेवून घ्या, बाबा.”

निवड झालेल्यांची यादी आठवड्याने काचेच्या दारावर लागली. तिच्या लाईनवरच्या अठरा जणींपैकी सतराजणींची नावं तिच्यात होती. डुलकी लाईन सुपरवायझर झाली. ती पेढ्यांऐवजी हसू घेऊन सुनेला भेटायला आली आणि म्हणाली, “ताई, तुमचं कसं काय राहिलं हो? तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. काही लफडं होतं का फाईलमध्ये?” गल्लीतल्या बायका असं विचारत नव्हत्या, पण त्यांनी तिला घराची किल्ली ठेवायला देणं बंद केलं. हेडक्लार्कांसारखा कडक, खरं बोलणारा माणूस, आणि स्वतःच्या सुनेला नोकरी मिळू देत नाही, म्हणजे काहीतरी असणारच.

तिला काम मिळालं ते रिकाम्या बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये. तिथे दाखला विचारत नव्हते. हात विचारत होते. दिवसभर सोड्याच्या गरम पाण्यात बाटल्या बुडवायच्या, ब्रश फिरवायचा, उपड्या ठेवायच्या. पहिल्या महिन्यात बोटांची सालं निघाली. दुसऱ्या महिन्यात भेगा पडल्या. घरी येऊन ती हातांना काहीतरी चोपडून बसे, आणि सासऱ्यांशी आवश्यक तेवढंच बोले. “चहा.” “फोन वाजतोय.” त्यात काही चूक काढण्यासारखं नसे. हेडक्लार्क आता निवृत्त होऊन दिवसभर घरी होते, आणि इतकी निर्दोष भाषा त्यांनी या घरात पूर्वी कधी ऐकली नव्हती.

त्यांना रक्तदाबाची एक गोळी रोज संध्याकाळी घ्यावी लागे. ती पट्टीतून काढून द्यायचं काम पहिल्यापासून सुनेचं होतं. अंगठ्याने एकदा दाबलं की गोळी न तुटता तळहातावर. एका संध्याकाळी तिने पट्टी घेतली आणि दाबली. गोळी निघेना. तिने दुसऱ्या अंगठ्याने दाबलं. बोटाची भेग उघडली, चंदेरी कागदावर रक्ताचा टिपका उमटला, आणि गोळी निसटून कपाटाखाली गेली. ती गुडघ्यांवर बसून हाताने शोधू लागली. बराच वेळ शोधत होती. बोटांना कळतच नव्हतं की आपण कशाला हात लावतोय.

“राहू दे,” हेडक्लार्क म्हणाले.

“सापडेल,” ती म्हणाली. गोळी शेवटी नातीने शोधून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं असताना हेडक्लार्क जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. पहिल्या कागदावर सवयीने ‘चां’ लिहून झालं, तो फाडला. दुसऱ्यावर ‘उत्तम’ लिहिलं, आणि त्यांना बॉयलरवाल्याची बायको आठवली, तोही फाडला. तिसऱ्यावर शाई पडली. चौथ्या कागदावर त्यांनी लिहिलं की सदर कर्मचारी आपल्या कारखान्यात अकरा वर्षे कार्यरत होती, तिचे काम उत्कृष्ट, वर्तन उत्कृष्ट, आणि आधीचा दाखला देताना आपल्याकडून चूक झाली. शेवटचं वाक्य लिहायला त्यांना पाऊण तास लागला. पूर्वी कधी असं वाक्य लिहायची वेळ न आल्यामुळे त्यांना त्याचा नमुना ठाऊक नव्हता.

मग ते स्वच्छ सदरा घालून बसने नदीपलीकडे गेले.

फोनवरच्या बाई प्रत्यक्षात तरुण निघाल्या, आणि आदबशीरही. त्यांनी हेडक्लार्कांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, पत्र वाचलं. मग फाईल काढली आणि जुना दाखला पत्राशेजारी ठेवला.

“काका, फोनवर तुम्हीच मला सांगितलं होतं, उत्तमसुद्धा नाही.”

“माझी चूक झाली.”

“नोव्हेंबरात उत्तमसुद्धा नव्हत्या. आता फेब्रुवारीत उत्कृष्ट. मधे तर त्या तुमच्याकडे कामालाही नव्हत्या.” त्या कुत्सितपणे बोलत नव्हत्या, त्यांना खरोखर जुळत नव्हतं. “मला एवढंच कळत नाहीये की यातलं खरं कुठलं धरायचं.”

“हे,” हेडक्लार्कांनी नव्या पत्रावर बोट ठेवलं. “मी जन्मात कुणाला ‘उत्कृष्ट’ लिहिलेलं नाही, बाई. हे पहिलं.”

बाईंनी खणातून एक छापील कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. “आता आम्ही आमचाच फॉर्म केलाय. काय झालं, तुमच्याकडून दोनशे ‘अत्यंत उत्कृष्ट’ आले. घेतले. निम्म्यांना पट्टीची उलट-सुलट बाजू कळत नाही. म्हणून मग हे.”

कागदावर पाच चौकोन होते. सर्वांत वर ‘अद्वितीय’. त्याखाली ‘अलौकिक’. मग ‘असामान्य’. मग ‘अत्यंत उत्कृष्ट’. शेवटच्या, सर्वांत खालच्या चौकोनापुढे छापलं होतं : ‘उत्कृष्ट’.

हेडक्लार्क बराच वेळ तो चौकोन पाहत राहिले.

“याच्या खाली काही नाही?”

“याच्या खाली कोण अर्ज करणार, काका?” बाई म्हणाल्या. “खरं सांगू? या चौकोनावर खूण असेल तर आम्ही मुलाखतीलासुद्धा बोलवत नाही.”

“मग वरच्या चौकोनावर करतो मी खूण. सांगाल त्या.”

हे त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांना ते ऐकूही आलं. बाईंनाही आलं. त्यांनी फॉर्म हळूच परत ओढून घेतला.

“काका, मला तुमच्याबद्दल आदर आहे. त्या दिवशी फोनवर बोललात ना, मी इथे सगळ्यांना सांगितलं, असा माणूस बघितला नाही. तुमच्या त्या एका शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.” त्यांनी दोन्ही कागद फाईलमध्ये घातले आणि वरच्या बाजूला लाल पेनाने काहीतरी लिहिलं. “आता हे पत्र मला फाईलला लावावं लागेल. नातेवाईकाने नंतर बदलून दिलेला दाखला. नियम आहे. सध्या त्यांच्या अर्जाचा विचार होणार नाही.”

हेडक्लार्क घरी पोचले तेव्हा सून शेडवरून येऊन पायरीवर बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, वाळायला ठेवावेत तसे. त्यांच्या अंगातला ठेवणीतला सदरा तिने पाहिला.

“कुठे गेला होतात?”

“पलीकडे. तुझ्या कामासाठी.” ते तिच्याहून एक पायरी खाली बसले. “नवं पत्र लिहून नेलं होतं. उत्कृष्ट लिहिलं.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. चार महिन्यांत तिने त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं, ती आता काहीतरी बोलेल.

“मग?”

त्यांनी सगळं सांगितलं. पाच चौकोन, लाल पेन, नियम. काही गाळलं नाही. वरच्या चौकोनावर खूण करायला निघाले होते तेही नाही. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“म्हणजे तिथे आता अर्ज करता येणार नाही.”

“तसं त्या म्हणाल्या नाहीत. ‘सध्या विचार होणार नाही’ असं म्हणाल्या.”

“सध्या म्हणजे?”

दुसरा कुठलाही दिवस असता तर त्यांनी सांगितलं असतं : सध्या म्हणजे या वेळी, चालू काळात, पुढचं दार त्यात उघडं आहे. त्यांचे ओठ तसे हललेही. मग त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि तो शब्द बाहेर ज्या अर्थाने चालतो तो सांगितला.

“कधीच नाही,” हेडक्लार्क म्हणाले.

तिने मान हलवली आणि हात तसेच उताणे ठेवून ती समोरच्या रस्त्याकडे बघत बसली.